टाचण्या मोजण्याचे दिवस

पाण्याला वास नसतो असं शाळेत शिकवतात. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळवले. पण माझा त्यावर तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत टँकर आला की मी खाली उतरते, टाकीत पाईप सोडण्याआधी थोडं पाणी तळहातावर घेते आणि हुंगते. टँकरवाला आता सवयीनं हसतो. "मॅडम, अत्तर नाही टाकलं आज," असं म्हणतो. मी वहीत वेळ लिहिते, गाडीचा नंबर लिहिते, आणि मगच हात वर करून खूण करते. सोसायटीतल्या बायकांना मी फार व्यवस्थित वाटते. खरी गोष्ट एवढीच आहे की मी घाबरट आहे. ही भीती मला कुठे आणि कधी लागली हे मला नेमकं ठाऊक आहे, त्यामुळे ते एकदा क्रमानं लिहून काढते.

विरारच्या पूर्वेला, चांदीप गावाच्या पुढे, भातशेती संपून डोंगर सुरू होतो तिथे आमची वाडी होती. सात-आठ घरं, मधे चिंचेचं झाड आणि एक विहीर. आमच्या घरात दोन भावांचा संसार एकत्र होता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, वसईला एका कारखान्यात पाळीवर जात आणि घरी असत तेव्हा बहुतेक झोपलेले असत. त्यांचा धाकटा भाऊ नारूकाका शेती बघायचा. भातानंतर वाल आणि घरामागच्या तुकड्यात वांगी. आई, काकू, मी, आणि या सगळ्यांवर आत्या. आत्या दोघा भावांपेक्षा मोठी. लग्न होऊन गेली आणि चार वर्षांनी नवरा गेल्यावर परत आली, ती कायमची. तिचा आवाज बारीक होता आणि ती कधी ओरडत नसे, पण तिनं चुलीपुढून नुसतं "कोन हाय तिकडं?" विचारलं तरी नारूकाका विडी विझवायचा.

घरातलं सगळ्यात कडक खातं पाण्याचं होतं आणि ते आत्याकडे होतं. पडवीतल्या कट्ट्यावर सात भांडी ओळीनं असत. पहिले दोन हंडे प्यायचे, त्यांना तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिसरा स्वयंपाकाचा. पुढची हातपाय धुण्याची, गुरांची. भांडं चुकीच्या जागी ठेवलं तर ती काही न बोलता ते उचलून योग्य जागी ठेवायची आणि आपण दिवसभर अपराधी. सकाळची जाग मला त्या भांड्यांच्या आवाजानंच यायची. रिकाम्या हंड्याचा ठणका वेगळा, भरलेल्याचा वेगळा. मग चुलीवर तांदळाच्या भाकरीचा वास, निखाऱ्यावर सुकट टाकल्याचा वास, आणि थंडीच्या दिवसांत मोड आलेल्या वालांचा तो किंचित कडसर वास. आजही बाजारात कडवे वाल दिसले की मी अर्धा किलो घेते. सोलायला वेळ नसतो, तरी घेते.

होळीच्या आधीच विहिरीचं पाणी तळाला जाऊन गढूळ व्हायचं. मग प्यायचं पाणी ओहळावरून. ओहळ आमच्या घरापासून दहा-बारा मिनिटांवर, पण पूर्ण वाट झाडीतून. डोंगरातून येणारं ते पाणी वर एका डोहात साठायचं, तिथून दगडांवरून खाली उतरायचं आणि आमच्या पाणवठ्यावर येऊन पसरायचं. उन्हाळ्यातही तिथे सावली असे. मला ती वाट अजिबात आवडत नसे. कुणाची तरी शेळी बिबट्यानं नेली होती, ती नेमकी त्या वाटेवरून. पानं वाजली की माझे पाय थांबायचे. मग मागून आत्या, डोक्यावर हंडा घेऊन, मला गुडघ्यानं ढकलायची.

एक दिवस मी पाणवठ्यावर जाऊन रडायलाच लागले. आत्यानं हंडा खाली ठेवला. "वाघाचं भ्याव वाटतं?" मी मान हलवली. "मग वाघ नको बगू. दगडं बग. दगडावर काय बसलंय ते मोज नि रोज मला सांग. चुकीचं सांगितलंस तं बग."

दगडांवर टाचण्या बसलेल्या असत. चतुर सगळ्यांना माहीत असतो. जाडा, पंख पसरून बसणारा. टाचणी त्याची बारीक चुलत बहीण. अंग खरंच टाचणीएवढं, आणि बसली की बहुतेक जणी पंख पाठीवर मिटून घेतात. माझ्या डोळ्यांना त्या सावलीतल्या ओहळावर इतके रंग आहेत हे मोजायला लागेपर्यंत दिसलंच नव्हतं. एक काळी, पोटाकडे विस्तवासारखी केशरी. तिला मी विस्तव म्हणायचे. एक पिवळ्या पायांची, ती नेहमी काठच्या गवतात. एक ठेंगणा नर, काळा, पाठीवर गुलाबी आणि पंखांत तांब्याची चमक. तो एकाच दगडावर हक्क सांगायचा आणि दुसरा आला की दोघं हवेत समोरासमोर नुसते थरथरत उभे राहायचे, शाळेत दोन मुलं कॉलर न पकडता भांडतात तसे. आणि सगळ्यात देखणी हिरवी काच. मिटलेली असताना ती तपकिरी, कुणी बघणारही नाही. पण मधेच ती मागचे पंख उघडायची आणि क्षणभर पाण्यावर हिरवं-निळं असं काही चमकायचं की मी बिबट्याला विसरायचे.

मी जुन्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. दगडांना नंबर दिले. पाण्याखालीही बघायला शिकले. टाचण्यांची पिल्लं पाण्यात दगडांना चिकटून राहतात. मातकट रंगाचे, शेपटीला पिसासारखी पानं असलेले किडे. हे किडे वर येऊन टाचण्या होतात हे मला कुणी शिकवलं नाही. मी एकाला दगडावर चढून पाठ फोडताना पाहिलं. घरी आल्यावर आत्या चुलीतून तोंड न काढता विचारायची, "किती?" मी आकडे सांगायचे. ती हुं म्हणायची. मला वाटायचं ती माझी भीती घालवण्यासाठी विचारते. ते अर्धंच खरं होतं. गुरं कुठे उतरली, वर कुणी घाण केली, हे तिला माझ्या आकड्यांवरून कळायचं. पाणी कसं आहे ते ती मला विचारत होती.

आता गेळाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. वर्षातून एकदा, ओहळ बारीक झाला की वाडीतले पुरुष वरच्या डोहात गेळ घालायचे. गेळ म्हणजे एक काटेरी झाड; त्याची कच्ची फळं कुटायची, टोपलीत भरायची आणि ती टोपली पाण्यात घुसळायची. मासे गुंगून वर येतात आणि हातानं गोळा करता येतात. माणसाला त्यानं काही होत नाही, तरीही त्या दिवशी खालचं पाणी कुणी भरायचं नाही असा वाडीचा नियम होता. त्यासाठी खूण ठरलेली. पाणवठ्याच्या वाटेवर ऐनाच्या झाडाची ताजी फांदी आडवी टाकायची आणि तिच्यावर दगड ठेवायचा. दगड ठेवलेली फांदी दिसली की हंडा घेऊन माघारी फिरायचं. ज्यानं फांदी टाकली त्यानंच ती दुसऱ्या दिवशी उचलायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दोन वर्षांतले गेळाचे दोन दिवस मी मोजलेही होते. मासे गुंगायचे, पण टाचण्या रोजच्या दगडांवर रोजच्यासारख्या बसायच्या आणि पाण्याखालचे किडेही जागेवर असायचे. माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं.

त्या वर्षी काकूला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडेच झालं, कारण काकूच्या माहेरी, राजोडीला, तिची आई एकटी होती आणि गुडघ्यांनी अधू होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. राजोडीची माणसं येणार म्हणून नारूकाका आठवडाभर अस्वस्थ होता. ती समुद्राकाठची माणसं. येताना टोपलीभर ताजी मासळी आणायची आणि जेवायला बसली की हसायची. काकूचा भाऊ प्रत्येक वेळी एकच विचारायचा, "दाजी, तुमच्या डोंगरात काय मिळतं? खडे?" सगळे हसायचे. नारूकाकाही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "उद्या वाट झाडून ठेव गो. पावणे ओहळावर हातपाय धुवाया जातील." एवढं काम मिळालं म्हणून मी रात्री नीट झोपले नाही. उजाडताच खराटा घेऊन निघाले. मी ती वाट फार मन लावून झाडली. पानं एका बाजूला, काटक्या एका बाजूला, आणि कडेला सापडतील ते दगड एका रेषेत लावत गेले. पाणवठ्याच्या अलीकडच्या वळणावर ऐनाची एक फांदी पडलेली होती. वाटेवर तिरकी, अर्धी झुडपात. तिच्यापासून दोन हातांवर एक चपटा दगड होता. गुरांच्या पायानं सरकला असेल. मला फांदी दिसली, दगड दिसला. दोन्ही वेगवेगळे दिसले. फांदी मी काटक्यांच्या ढिगावर टाकली. दगड चांगला चपटा होता, म्हणून रेषेत लावला.

थोड्याच वेळात आत्या आणि आई हंडे घेऊन आल्या. आत्या वाटेच्या तोंडाशी थांबली. "अगं बाय! ही वाट हाय का देवळाचं अंगन?" तिच्याकडून एवढं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तीन खेपा केल्या. सातही भांडी भरली, शिवाय शेजारून आणलेलं मोठं पातेलं. माझ्या हातात खराटा होता, डोक्यात कौतुक होतं. त्या सकाळी मी दगडांकडे पाहिलंच नाही.

नऊच्या सुमारास राजोडीची माणसं टेम्पोतून उतरली. दादा अजून रात्रपाळीवरून परतले नव्हते. काकूची आई, तिचा भाऊ आणि चार-पाच बायका. काकूचं न्हाणं झालं होतं, बाळाला आंघोळ घालून, गुटी उगाळून चाटवली होती. काकूनं तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी घेतलं होतं. चुलीवर वालाचं बिरडं शिजत होतं, खिरीचं दूध तापत होतं, पाळण्याला फुलं बांधायची चालली होती. तेवढ्यात मागच्या दारानं नारूकाका आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, डोक्यावर टोपली. त्यानं ती थेट मेहुण्यापुढे ठेवली आणि वरची पानं बाजूला केली. मरळ, शिंगट्या, कोलंबी, वर पसरलेले मुठे म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्यातले खेकडे. टोपली काठोकाठ.

"घ्या," नारूकाका म्हणाला. "आमचे खडे."

मेहुण्यानं खरंच तोंडात बोट घातलं. "दाजी, हे कुठून काढलंत?"

"वरच्या डोहातनं. पहाटे गेलतो."

मी दारात फुलांची परडी घेऊन उभी होते. वरचा डोह. म्हणजे गेळ. म्हणजे फांदी. ते तीन शब्द एकापाठोपाठ माझ्या डोक्यात आले. मी स्वतःला समजावलं की गेळानं माणसाला काही होत नाही. आत्याला सांगितलं तर ओरडेल, पाणी ओतून देईल, सोयऱ्यांसमोर शोभा होईल. आधी बघून येऊ. टाचण्या बसलेल्या असल्या तर काही बोलायचंच नाही. मी परडी ठेवली आणि धावत सुटले, माझ्याच झाडलेल्या वाटेवरून.

ओहळावर आवाज नव्हता. पाणी वाहत होतं तेवढाच. पहिल्या दगडावर मला वाटलं चिखल लागलाय. जवळ गेले तर ते किडे होते. पाण्याखाली चिकटून राहणारी सगळी पिल्लं वर चढून आली होती, दगडाच्या कडेला दाटीवाटीनं, एकमेकांच्या अंगावर. काही मेलेली, काही पाय झाडत होती. एकही पाठ फुटलेली नव्हती. ती टाचण्या व्हायला वर आली नव्हती, पाण्यातून पळून आली होती. एक मुठा काठावरच्या मातीत उताणा पडून फेस काढत होता. पाण्यात बुडालेल्या मुळांवर अंडी घालायला बसलेल्या टाचण्या तशाच बसलेल्या होत्या, शेपटी पाण्यात, पंख ओले होऊन चिकटलेले. मी एकीला काडीनं हलवलं. ती पाण्यावर आडवी झाली आणि वाहत गेली. ठेंगणा गुलाबी नर त्याच्या दगडावर होता. जिवंत होता. त्याच्यासमोर कुणी येत नव्हतं, तरी तो मधेमधे पंख थरथरवत होता.

मग मला वास आला. पाण्याचा, मंद, गोडसर, घशात बसणारा. तो वास मला माहीत होता. वांग्यांवर फवारणी झाली की दोन दिवस आमच्या परसात तो असायचा.

परत येताना मी काय विचार केला हे मला आठवतं, आणि ते लिहायला लाज वाटते. माझा पहिला विचार काकूचा नव्हता, बाळाचाही नव्हता. फांदी मी टाकली हे कुणाला कळणार नाही, ढिगारा पेटवून दिला की झालं, हा होता. दहा मिनिटांच्या त्या वाटेवर निम्म्याहून जास्त वेळ मी काड्यापेटी कुठे असेल ते आठवत होते. मग झाडीतून घर दिसलं. पडवीत कोणीतरी पहिल्या हंड्यावरचं झाकण काढत होतं.

"पानी नका पिऊ!" मी ओरडले. घरात मी मुद्दाम शाळेसारखं पाणी म्हणायचे. त्या दिवशी तोंडातून घरचंच निघालं. सगळे थांबले. आत्या चुलीपासून उठून आली. मी एका दमात सांगितलं, "वाटेवर फांदी होती, आत्या. मी उचलली. दगड सरकला होता म्हणून मला कळलं नाय. वरती गेळ घातलंय आणि तुम्ही पानी भरलंत."

आत्यानं नारूकाकाकडे पाहिलं. "फांदी टाकलीस तं घरात सांगाया तोंड नव्हतं?"

"म्हटलं पावण्यांना दाखवू, मग सांगू," तो म्हणाला. "फांदी तं टाकलीच होती ना? आन गेळच तं हाय. पोरीनं उगाच—"

"गेळ नाय," मी म्हणाले. "फवारनीचा वास येतोय."

"गप बस! गेळ घातलंय म्हटलं ना. दरसाल घालतो. कोन मेलंय?"

मेहुणा मधे पडला. "जाऊ द्या हो दाजी, लहान आहे. पाणी उकळून घेऊ."

आत्यानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती माझ्यापुढे आली, आणि रोज चुलीतून तोंड न काढता विचारायची तो प्रश्न तिनं या वेळी माझ्या डोळ्यांत बघून विचारला. "किती?"

"एक," मी म्हणाले. "बाकी मेल्या. पान्याखालचे सगळे वर आलेत."

मग तिनं पहिला हंडा, ज्याला कुणी हात लावायचा नाही तो, दोन्ही हातांनी कट्ट्यावरून खाली ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. पाणी पाहुण्यांच्या पायांवरून अंगणात गेलं. चुलीवरचं बिरडं तिनं भांड्यासकट उकिरड्यावर पालथं केलं. आई माशांची टोपली उचलून मागे गेली आणि तिनं ती खड्ड्यात रिकामी केली. नारूकाका नुसता बघत राहिला. त्याचे कान आता लाल नव्हते, पांढरे होते. तेवढ्यात आतून काकूचा आवाज आला, की मला कसंतरी होतंय, तोंडाला सारखं पाणी सुटतंय. सकाळपासून होतं म्हणाली. बाळंतपणाचा अशक्तपणा वाटला म्हणून बोलले नाही.

"वही आन," आत्या मला म्हणाली. "कोन काय प्यालं, किती प्यालं, बाळाच्या तोंडात काय गेलं, समदं लिही. एक बी सोडू नको." मी टाचण्यांच्या वहीचं कोरं पान फाडलं. काकू, एक तांब्या. आई, दोन घोट. काकूची आई, अर्धा पेला. बाळ, आंघोळ आणि गुटी. अक्षर वाकडं येत होतं. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या, लग्नांच्या, शाळेच्या, सोसायटीच्या; पण प्रत्येक नाव दोनदा विचारून लिहिलं ते तेवढ्या एकदाच.

राजोडीच्या टेम्पोत काकूला झोपवून आम्ही विरारला निघालो. आत्याच्या मांडीवर बाळ, मी तिच्या पायाशी, नारूकाका मागच्या फळीवर. रस्त्यावर खड्डा आला की काकूचं डोकं हलायचं आणि मी तिच्या छातीकडे बघायचे. बाळ झोपलं होतं. फार शांत झोपलं होतं. आत्या मधेमधे त्याच्या तळपायाला टिचकी मारायची. ते रडलं की टेम्पोतले सगळे श्वास सोडायचे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि बाळाच्याही. मग त्यांनी माझी यादी वाचली. दोनदा वाचली. "हे बरं केलं," ते म्हणाले. "पण पाण्यात काय होतं ते लिहिलेलं नाही."

सगळे नारूकाकाकडे बघायला लागले. तो भिंतीला टेकून उभा होता. "गेळ," तो म्हणाला.

"गेळानं डोळ्यांच्या बाहुल्या अशा होत नाहीत. काय औषध होतं? नाव कळलं तर मला नेमका इलाज करता येईल. उशीर करू नका."

"गेळच होतं, डॉक्टर." आवाज इतका खाली गेला की मेहुण्यानं पुढे होऊन विचारलं, काय म्हणाला?

केसपेपर लिहिणारी नर्स बाळापाशी आली. "बाळाचं नाव?"

नाव नव्हतं. नाव त्या दुपारी ठेवायचं होतं. पाळण्यात घालून, बायकांनी गाणी म्हणून, आणि नाव कानात सांगायचा मान आत्याचा. तिनं ते बारा दिवस मनात धरलं होतं, कुणालाही कळू दिलं नव्हतं. काकूनं किती वेळा विचारलं होतं, चिडवलं होतं. "बारशाला कळंल," एवढंच आत्याचं उत्तर. आता नर्स पेन धरून उभी होती. "नसेल तर नुसतं 'बाळ' लिहिते," ती म्हणाली.

"थांबा," आत्या म्हणाली. तिनं बाळाला उचललं, डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या आडोशाला घेतलं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग ती नर्सकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "कमल." नर्सनं लिहिलं. मग आत्या बाळाला घेऊन भिंतीपाशी गेली आणि नारूकाकाच्या अगदी समोर उभी राहिली. ती त्याच्यापेक्षा बरीच बुटकी होती.

"आता तुज्या लेकीला नाव हाय," ती म्हणाली. "आता सांग, कमलच्या पान्यात काय घातलंस."

नारूकाकानं बाळाकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. गेळाची फळं सरत आली होती, त्यानं सांगितलं. टोपलीभर कुटली तरी मासा गुंगेना. उजाडायला लागलं, सोयरे निघाले असतील. परसातल्या वांग्यांवर फवारायच्या औषधाची बाटली त्यानं बरोबर नेली होती. थोडंच घालणार होता. मग थोडं आणखी. अर्धी बाटली. त्यानं औषधाचं नाव सांगितलं, चुकत, थांबत. डॉक्टरांनी ते एकदा म्हणून घेतलं आणि आत गेले. मी यादी पुढे ओढली आणि तेही लिहिलं.

पहिल्या दिवशी काकूला चार इंजेक्शनं दिली. बाळाला दोन दिवस डॉक्टरांनी स्वतःजवळ ठेवलं. आईला आणि काकूच्या आईला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी काकू उठून बसली. कमल वाचली, आज तिला दोन मुलं आहेत. तिला ही गोष्ट माहीत आहे, पण ती तुकड्यातुकड्यानं, ज्याला जशी आठवली तशी. मला कुणी रागावलं नाही. फांदीबद्दल वाडीत कुणीही एक शब्द बोललं नाही, आणि त्यामुळे ती माझ्या मनातून कधी गेली नाही. ओहळावर टाचण्या परत यायला पुढचा पावसाळा जावा लागला. तोपर्यंत मी ती वाट झाडली नाही आणि मोजलंही नाही.

दवाखान्यातून काकू थेट राजोडीला गेली. सहा महिन्यांनी, खूप बोलणी होऊन, परत आली. येताना तिची एकच अट होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही, नुसती पाळायला लावली. रोज सकाळी पाणी नारूकाका भरायचा. कट्ट्यावर हंडा ठेवला की काकू कमलला कडेवर घेऊन दारात येऊन बसायची. नारूकाका पेला भरायचा आणि तिच्यासमोर उभं राहून प्यायचा, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला रिकामा झाला तरी काकू लगेच उठत नसे. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची, कमल पाण्यासाठी हात पुढे करत असली तरी, आणि नारूकाका तिथेच, उन्हात, हलायचा नाही.